ग्रीकांचा समुद्रदेव पोसायडन याचं मूळ शोधायचं असेल तर अथेन्सचं राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय

बहुतेक जण थेट १५ क्रमांकाच्या दालनात, आर्टेमिशियनच्या कांस्यमूर्तीकडे जातात आणि इथेच गडबड होते. सुमारे २.०९ मीटर उंचीची ही मूर्ती (इ.स.पू. ४६० च्या आसपास) आर्टेमिशियन भूशिराजवळ समुद्रात सापडली म्हणून पोसायडनची वाटते. पण उगारलेल्या हातात पोसायडनचा त्रिशूळ कल्पून बघा, तो चेहऱ्यासमोर येतो. आखूड वज्र नीट बसतं, म्हणून अनेक अभ्यासक तिला वज्रधारी देवराजा झ्यूस मानतात.

आधी प्रवेशद्वारासमोरच्या मायसिनियन (ग्रीसमधल्या कांस्ययुगीन संस्कृतीच्या) दालनात जा. सोन्याच्या मुखवट्यांपुढे 'लिनियर बी' या प्राचीन ग्रीक भाषेच्या लिपीतल्या मातीच्या पाट्यांकडे कुणी वळतही नाही, याचं वाईट वाटतं. दक्षिण ग्रीसमधल्या पायलॉसचा राजवाडा इ.स.पू. १२०० च्या सुमारास जळाला, त्या आगीत भाजल्या गेल्या म्हणूनच कच्च्या मातीच्या पाट्या टिकल्या. पायलॉसच्या नोंदींत 'पो-से-दा-ओ', म्हणजे पोसायडन, हा मोठा देव आहे. एका नोंदीत त्याला अर्पण म्हणून गहू, मद्य, मध, एक बैल आणि चीजचे दहा नग आहेत. समुद्राचा तिथे उल्लेख नाही. 'भूमी हादरवणारा' हे ग्रीक महाकवी होमरच्या काव्यातलं त्याचं बिरुदही जमिनीचंच.

पाट्यांवरची अक्षरं बारीक आहेत, उजेड तिरपा पडेल असं उभं राहा. संग्रहालयात व्हिक्टोरिया मेट्रो स्थानकावरून चालत जाता येतं.