फेरी बिल्डिंगचा शनिवार बाजार आणि पाडलेला पूल

मुलीकडे फ्रीमाँटला आले की एक शनिवार मी सॅन फ्रान्सिस्कोच्या फेरी बिल्डिंगसाठी राखून ठेवते. बार्टने, म्हणजे तिथल्या लोकल गाडीने, एम्बार्कडेरो स्टेशनला उतरून वर आलं की समोरच मनोऱ्यावरचं घड्याळ. बाजार इमारतीच्या मागे, खाडीच्या अंगाला, सकाळी ८ ते दुपारी २. मंगळवारी-गुरुवारीही असतो, पण भरलेला बघायचा तर शनिवारीच.

या खेपेला पीच ऐन भरात होते. शेतकरी सुरीने फोड कापून हातावर ठेवतो; रस मनगटावरून पार कोपरापर्यंत गेला. टोमॅटो वेडेवाकडे, पण देठाला हात लावला की बोटांना वास राहतो. आत अ‍ॅक्मे ब्रेडचा आंबट पाव जरूर घ्या. भाव मात्र चढे आहेत, आठवड्याची भाजी इथे भरू नये. एका कॉफीवाल्याकडे पंचवीस मिनिटं रांगेत उभं राहून कोमट कॉफी मिळाली, ते मला आवडलं नाही.

मग पाव घेऊन मी पुढच्या दारात येऊन बसते. मी नोकरीभर बांधकाम खात्यात ट्रेसर होते, कितीतरी पुलांचे नकाशे शाईने उतरवले. नकाशात पूल म्हणजे दोन समांतर रेघा. त्याची सावली कुणी काढायला सांगत नाही. इथे या दारासमोरून १९५९ पासून दुमजली एम्बार्कडेरो फ्रीवे, म्हणजे खांबांवरून जाणारा मोटारींचा हमरस्ता, जात होता. १८९८ ची ही देखणी इमारत त्याच्याआड गेली, शहराला आपलीच खाडी दिसेना. लोक इतके खवळले की त्याच वर्षी नगरमंडळाने ठरलेले बरेच फ्रीवे रद्द केले आणि हा अर्धवटच राहिला. तरी १९८६ ला पाडायचा प्रस्ताव आला तेव्हा मतदारांनी नाही म्हटलं.

१७ ऑक्टोबर १९८९ च्या भूकंपात तो खिळखिळा झाला. खाडीपलीकडे ओकलंडचा सायप्रस फ्रीवे कोसळून ४२ माणसं गेली. तोही दुमजली, वेस्ट ओकलंडच्या कृष्णवर्णीय वस्तीच्या मधोमध घातलेला. त्या वस्तीने तो पुन्हा तिथे बांधू दिला नाही. आज त्या जागी मंडेला पार्कवेची झाडं आहेत. पुण्यात विद्यापीठ चौकातला पूल २०२० मध्ये पाडला, पण त्या जागी दुमजली पूलच आला. म्हणून इथे पाडलेल्या फ्रीवेच्या जागी ताडांच्या रांगेतून जुन्या ट्राम जाताना पाहिल्या की मला भरून येतं.

पण या मोकळ्या जागेची किंमत चायनाटाउनने, म्हणजे जवळच्या चिनी वस्तीने मोजली, हे बाजारात कुठे लिहिलेलं मला दिसलं नाही. फ्रीवेचे उतार त्यांच्या वस्तीजवळ येत, गिऱ्हाईक गाडीने थेट दुकानापाशी पोचे. दुकानदारांनी पाडकामाला कडाडून विरोध केला, त्यांच्या पुढाऱ्यांत रोझ पाक होत्या. महापौर आर्ट अ‍ॅग्नोस हटले नाहीत. १९९१ ला पाडकाम सुरू झालं आणि त्याच वर्षी अ‍ॅग्नोस निवडणूक हरले. चायनाटाउनला भुयारी ट्राम मिळाली ती थेट २०२२ च्या अखेरीस. तिथल्या स्टेशनाला आता रोझ पाक यांचंच नाव आहे.

म्हणून बाजार झाला की तसेच क्ले स्ट्रीटने वर चालत जा. चढ आहे, पण अर्ध्या तासात चायनाटाउन येतं. पिशवीतली निम्मी जागा तिथल्यासाठी ठेवा. मी कोवळं आलं, वाळवलेली अळंबी आणि कारली घेतली. त्यांची कारली आपल्यापेक्षा फिकट आणि गुळगुळीत, कडवटपणाही कमी. संध्याकाळी चिंच-गूळ घालून केली, जावयांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.