डीसी क्लॅम्प मीटर: ‘सेल्फ घेत नाही’ या तक्रारीवर पावसाळाभर वापरल्यानंतर

रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत पावसाळा सुरू झाला की ‘गाडी सेल्फ घेत नाही’ ही तक्रार प्रत्येक आळीत ऐकू येते (सेल्फ म्हणजे इंजिन फिरवून सुरू करणारी स्टार्टर मोटर), आणि त्यावरचा ठरलेला उपाय म्हणजे नवी बॅटरी. चांगल्या बॅटऱ्या भंगारात जाताना बघवत नव्हत्या, म्हणून मेमध्ये मी हा मीटर घेतला. किंमत साडेतीन हजारांच्या आसपास. साध्या मल्टिमीटरची सगळी कामं तो करतोच, शिवाय वायरभोवती जबडा अडकवला की ती न तोडता डीसी अँपिअर, म्हणजे बॅटरीतून एकाच दिशेने वाहणारा प्रवाह, मोजतो. तेव्हापासून आमच्या गाडीवर आणि शेजारपाजारच्या बऱ्याच गाड्यांवर तो वापरून झाला आहे. माझं मत असं, की याचा खरा उपयोग किल्ली फिरवत असतानाच्या मोजणीत आहे. गाडी नुसती उभी असताना घेतलेला व्होल्टचा आकडा फार पुढे नेत नाही.

उभ्या गाडीचा आकडा बहुतेकांना माहीत असतो. रात्रभर शांत राहिलेल्या बॅटरीवर १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण भरलेली, १२.२ म्हणजे साधारण अर्धी, ११.९ म्हणजे उतरलेली. गाडी नुकतीच चालवून आणली असेल तर हेडलाइट दोनेक मिनिटं लावून बंद करा आणि मग मोजा, नाहीतर आकडा उगाच चढा दिसतो. पण १२.५ दाखवणारी बॅटरी सेल्फ मारताच ६ वर कोसळू शकते, कारण एखादा सेल आतून गेलेला असतो. म्हणून मीटर ‘मिन-मॅक्स’वर (सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त आकडा धरून ठेवणारी सोय) ठेवायचा, कुणाला तरी किल्ली फिरवायला सांगायचं आणि सर्वांत खालचा आकडा पाहायचा. निरोगी बॅटरी सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जात नाही.

आता आमच्या गाडीचं सांगते. ऐन जुलैत किल्ली फिरवली की एकदाच ‘टक्’ आवाज यायचा आणि पुढे काही नाही. हेडलाइट लख्ख. बॅटरीवर १२.५, आणि किल्ली फिरवताना ११.८. इथेच बॅटरी निर्दोष ठरली. ती दमली असती तर आकडा खूप खाली गेला असता आणि दिवेही मंदावले असते. मग मीटरची काळी लीड, म्हणजे टोकाची वायर, बॅटरीच्या निगेटिव्हवर, नेमकं शिशाच्या खुंटावर, टेकवली आणि लाल लीड गिअरबॉक्सच्या उघड्या धातूवर. भावाला म्हटलं, “दादा, मार सेल्फ.” आकडा आला ५ व्होल्टच्या वर. तिथे तो ०.२ च्या आत असायला हवा. बारापैकी पाच व्होल्ट अर्थिंगच्या वाटेतच खर्च होत होते. गिअरबॉक्सवरून चासीला जाणारी अर्थिंगची पट्टी बोल्टखाली गंजून हिरवी-पांढरी झाली होती. ती बदलली, खालचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत केला, वर पेट्रोलियम जेली लावली. पुन्हा मोजलं तर ०.१५, आणि सेल्फ पहिल्या झटक्यात लागला.

ही मोजणी जमली की अर्धं काम जमलं, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बरेच जण केबल तपासायला मीटर ओमवर, म्हणजे अडथळा मोजायच्या मापावर, लावतात, ‘बीप’ ऐकतात आणि केबल चांगली असल्याचं सांगतात. ओमवर मीटर केबलमधून अगदी नगण्य प्रवाह सोडतो, तर सेल्फ छोट्या गाडीतही शंभर-दीडशे अँपिअर ओढतो. साकवावरून माणूस निवांत जातो म्हणून ट्रक जाईलच असं नाही. केबलच्या आत एकच तार शाबूत असली तरी मीटर बीप देणारच. हिशेब करून पाहा: जोडावर फक्त ०.०२ ओमचा अडथळा आहे आणि १५० अँपिअर वाहतायत, तर ३ व्होल्ट तिथेच गळतात. माझ्या मीटरचं ओमवरचं सर्वांत लहान माप ०.१ ओम आहे, म्हणजे हा अडथळा त्याला दिसणारच नाही. व्होल्टवर मात्र तो लपत नाही. पॉझिटिव्ह बाजूलाही हेच करायचं: बॅटरीच्या खुंटापासून सेल्फच्या जाड टर्मिनलपर्यंत, किल्ली फिरवत असताना, अर्ध्या व्होल्टच्या आत. आणि लीड आधी खुंटावर, मग क्लिपवर टेकवून दोन्ही आकडे घ्या. दोहोंत फरक आला तर दोष खुंट आणि क्लिप यांच्या मधल्या जोडात आहे, तिथे गरम पाणी, खाण्याचा सोडा आणि ब्रश एवढ्यावर भागतं.

टक् आवाजही येत नसेल तर सोलेनॉइडच्या (किल्ली फिरवल्यावर सेल्फला प्रवाह जोडून देणारा, सेल्फवरचा चुंबकी स्विच) बारीक वायरवर, म्हणजे ५० नंबरच्या टर्मिनलवर, किल्ली फिरवताना व्होल्ट येतात का ते बघायचं. तिथे जवळपास बॅटरीइतके व्होल्ट पोहोचत असतील आणि जाड केबलचा पुरवठा, अर्थिंगही ठीक असेल, तर दोष सेल्फमध्ये. पोहोचत नसतील तर मागे जात राहायचं: रिले, क्लचचा स्विच, इग्निशन स्विच. पलीकडच्या वाडीतल्या एका गाडीत ५० वर शून्य आलं आणि वायरच्या मागोमाग गेल्यावर उंदरांनी ती इंजिनाच्या मागच्या बाजूला कुरतडलेली सापडली. पावसात उबेला इंजिनवर येऊन बसतात मेले. तिथे सेल्फ काढून दुरुस्तीला द्यायची तयारी झाली होती.

जबड्याचा उपयोग मात्र वेगळ्याच दुखण्यावर झाला. शेजारच्या काकांची गाडी तीन-चार दिवस उभी राहिली की मरायची. “अगं, बॅटरी गेल्या दिवाळीत घातलीय गं,” हे त्यांचं पालुपद. बोनेट उघडं ठेवून, दरवाज्याचं लॉक स्क्रूड्रायव्हरने बंद करून (नाहीतर आतला दिवा आणि कॉम्प्युटर जागे राहतात) गाडी लॉक केली आणि पाऊण तास हात लावला नाही. एवढा वेळ द्यावाच लागतो, नव्या गाड्या पूर्ण झोपायला वेळ घेतात. जबडा निगेटिव्ह केबलभोवती होता आणि आकडा ०.४० अँपिअरवर येऊन थांबला, म्हणजे बंद गाडीतूनही एवढा प्रवाह गळत होता. साधारण ०.०५ पर्यंत चालतं. ०.४ म्हणजे दिवसाला साडेनऊ अँपिअर-तासांच्या वर, आणि त्यांची बॅटरी ४५ अँपिअर-तासांची.

पुढे एकेक फ्यूज उपटत बसले नाही, कारण फ्यूज काढून घालताना झोपलेली गाडी परत जागी होते. पातीच्या फ्यूजच्या डोक्यावर दोन बारीक उघडे धातूचे ठिपके असतात. मीटर मिलिव्होल्टवर ठेवून दोन्हींवर लीड टेकवायच्या. प्रवाह वाहत नसेल तर शून्य, वाहत असेल तर थोडे मिलिव्होल्ट दिसतात. म्युझिक सिस्टिमचा फ्यूज बोलला. बाहेरून बसवलेल्या अँप्लिफायरची चालू करणारी वायर कायमच्या लाइव्हला जोडून ठेवली होती. ती जागेवर घेतल्यापासून काकांची बॅटरी तीच आहे आणि तक्रार नाही.

तक्रारी माझ्याही आहेत. पंधरा मिनिटांनी मीटर आपोआप बंद होतो, आणि गळती मोजायला तर पाऊण तास थांबायचं असतं. सिलेक्टचं बटण दाबून धरत चालू केला की ही सोय रद्द होते, पण हे मला माहितीपुस्तकाच्या शेवटच्या पानावर सापडलं. लहान प्रवाहावर आकडा भरकटतो. मीटर नुसता वळवला तरी पृथ्वीच्या चुंबकत्वाने थोडा बदलतो, त्यामुळे ज्या स्थितीत मोजायचं त्याच स्थितीत आधी शून्य करून घ्यावं लागतं. १०-२० मिलिअँपिअरच्या गोष्टींवर मी याच्यावर विसंबत नाही. लीडची टोकं जाड आहेत, फ्यूजच्या ठिपक्यांवर घसरतात. क्रोकोडाइल क्लिप सोबत येत नाहीत, आणि एकटीने काम करताना त्यांच्यावाचून अडतं.

सेल्फ छान फिरतो पण इंजिन पेटत नाही, किंवा डॅशबोर्डवर किल्लीचं चिन्ह लुकलुकतंय, अशा वेळी हा मीटर फारसा कामाचा नाही. तिथे गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोष वाचणारा स्कॅनर लागतो. एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरांना मी लीड लावत नाही, हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांच्या नारिंगी केबलना तर अजिबात नाही. सेल्फ मारायला सांगण्याआधी गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक वर, हातातल्या बांगड्या-अंगठ्या काढलेल्या.

घेणार असाल तर जबड्याच्या मापात ‘ए’ अक्षराजवळ सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असं डीसीचं चिन्ह आहे का ते आधी बघा. स्वस्तातले बरेच क्लॅम्प मीटर अँपिअर फक्त एसीचे, म्हणजे घरातल्या विजेचे, मोजतात, डीसी व्होल्ट दाखवतात म्हणून माणूस फसतो, आणि गाडीच्या बॅटरीवर त्यांचा जबडा शून्यच दाखवत राहतो.