दक्षिण मुंबईतील पंचतारांकित हॉटेले : काही महिन्यांच्या वास्तव्यानंतर

न्यायालयीन कामासाठी गेले काही महिने मला इंदूरहून वारंवार मुंबईला यावे लागते, आणि काम फोर्टमधील उच्च न्यायालयात असल्यामुळे कुलाबा व नरिमन पॉइंट येथील पंचतारांकित हॉटेलांत आलटूनपालटून राहणे झाले. त्यावरून माझे मत असे झाले आहे की, भर शहरात हॉटेलच्या नावापेक्षा आपली खोली कोणत्या बाजूला आणि कितव्या मजल्यावर आहे, याची चौकशी अधिक बारकाईने करावी.

ताजमहाल पॅलेसचे उदाहरण घ्या. १९०३ साली सुरू झालेली मूळ इमारत आणि १९७० च्या दशकातील टॉवर शेजारी शेजारी असले, तरी दोन्हींतील राहण्याचा अनुभव अगदी वेगळा आहे. जुन्या इमारतीचा मधला भव्य जिना आणि कमानींनी वेढलेले सज्जे पाहिले की तिथे थोडे जास्त पैसे मोजल्याचे मुळीच वाईट वाटत नाही; टॉवरच्या वरच्या मजल्यांवरून मात्र बंदराचा विस्तार अधिक मोकळेपणाने दिसतो. गेटवेकडील बाजूला मांडव्याच्या आणि घारापुरीच्या बोटींची वर्दळ सकाळपासूनच सुरू होते. ती पाहणे मला मनापासून आवडते, पण रविवारी संध्याकाळी त्या बाजूला इतकी गर्दी असते की गाडी दारापर्यंत येण्यास बराच वेळ लागतो.

नरिमन पॉइंटला ओबेरॉय आणि ट्रायडेंट या दोन्ही हॉटेलांतून मरीन ड्राइव्हचा वळसा दिसतो. तिथे मी नेहमी वरचा मजला मागतो, कारण खालच्या मजल्यांवर रस्त्याचा आवाज रात्री उशिरापर्यंत जाणवतो. एका हॉटेलात समुद्राकडील खोलीचे पैसे भरूनही खिडकीच्या कडेला उभे राहिल्यावरच पाणी दिसेल अशी खोली मिळाली होती. तेव्हापासून मजला आणि दिशा यांची लेखी खात्री ईमेलवर घेतल्याशिवाय मी आरक्षण करीत नाही.

ऑक्टोबर २०२५ मध्ये विमानतळावरून जाणारी मेट्रो ३ आरेपासून कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यावर विमानतळाजवळच राहण्याचे कारण पुष्कळसे उरलेले नाही. हुतात्मा चौक स्थानक न्यायालयाजवळ आहे, तर विधान भवन स्थानक नरिमन पॉइंटसाठी सोयीचे आहे. इंदूरहून अवंतिका एक्सप्रेसने येणाऱ्यांसाठी दुसरी गोष्ट महत्त्वाची ठरते : गाडी मुंबई सेंट्रलला पहाटे पोहोचते आणि खोली साधारणपणे दुपारी दोननंतर मिळते. त्यामुळे लवकर प्रवेश मिळेल का आणि त्याचे वेगळे पैसे पडतील का, हे आधीच ठरवून घ्यावे.

दिवसाला ७,५०० रुपयांवरील भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागतो. हॉटेल महाराष्ट्रात असल्याने केंद्राचा व महाराष्ट्राचा मिळून हा कर आकारला जातो, आणि ज्या कंपनीची जीएसटी नोंदणी फक्त मध्य प्रदेशात आहे तिला स्वतः भरायच्या जीएसटीतून त्याची वजावट मिळत नाही. कंपनीच्या खर्चाने राहणाऱ्यांनी दरांची तुलना करताना ही रक्कम धरूनच करावी.

तारखा ठरवताना जानेवारीतील मॅरेथॉनचा रविवार आणि अनंत चतुर्दशी हे दोन दिवस अवश्य तपासावेत. दोन्ही दिवशी मरीन ड्राइव्हवरील वाहतूक बंद असते किंवा वळवलेली असते, त्यामुळे सामान घेऊन निघायचे असल्यास मी तेवढ्यापुरते कुलाब्याकडील हॉटेल निवडतो.