पाण्याचा सिक्सपॅक (प्लास्टिकच्या सहा बाटल्या) की काचेच्या बाटल्यांचा क्रेट? जर्मनीत नव्याने आलेल्यांसाठी

फांड म्हणजे बाटलीवरची अनामत, हे तुम्हाला पहिल्याच बिलात कळलं असेल. मला गोंधळात टाकलं ते आकड्यांनी. पातळ प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट, काचेच्या पाण्याच्या बाटलीवर १५, बिअरच्या साध्या बाटलीवर फक्त ८. जास्त अनामत म्हणजे जास्त चांगली बाटली, असं मी वर्षभर धरून चाललो होतो. आहे नेमकं उलटं. २५ सेंटवाली 'आइनवेग' बाटली दुकानातल्या परतीच्या मशीनमध्ये चेपली जाते आणि पुढे तिचा चुरा होतो. १५ आणि ८ वाल्या 'मेरवेग' बाटल्या धुऊन पुन्हा भरतात, काचेच्या तर पन्नासेक वेळा. लहानपणी वाण्याकडे रिकामी बाटली दिली तरच सोड्याची भरलेली मिळायची, तीच ही पद्धत.

खरं तर ही २५ सेंटची अनामत आली ती मेरवेग वाचवायला. १९९१च्या पॅकेजिंगच्या नियमावलीत पुन्हा भरायच्या बाटल्यांच्या वाट्यासाठी ७२ टक्क्यांची मर्यादा होती. वाटा तिच्याखाली घसरला म्हणून २००३ पासून आइनवेगवर अनामत लागली. लोकांनी ती मनापासून स्वीकारली. बाटल्या गोळा करून गुजराण करणाऱ्यांना कचऱ्यात हात घालावा लागू नये म्हणून इथे अनेक जण रिकामी बाटली डब्याशेजारी उभी ठेवतात, ते पाहून मला अजूनही बरं वाटतं. पण 'परत केली, झालं काम' हे समाधानही त्यातूनच आलं असावं. आज कायद्याचं उद्दिष्ट ७० टक्के आहे आणि मेरवेगचा वाटा निम्म्यालाही पोचत नाही.

माझा निर्णय मात्र बाल्कनीत झाला. प्लास्टिकची बाटली चुरगाळून टाकायची आपली सवय. इथे चुरगाळली की मशीन ती परत फेकतं, कारण खूण वाचता येत नाही. म्हणजे हवा भरलेल्या रिकाम्या बाटल्या फुगलेल्या पिशव्यांत साठवायच्या, शनिवारी रांग लावायची, एकेक बाटली आत सरकवायची. तोवर पिशवीच्या तळाशी गोड पाणी साचलेलं. दोनदा तर मशीनने दिलेली अनामतीची पावती खिशातच धुतली गेली. याला मी फार कंटाळलो.

क्रेटमध्ये रिकामी बाटली आपल्या खणात परत जाते. १२ बाटल्यांचे १.८० आणि क्रेटचे १.५० मिळून ३.३० युरो, मशीनच्या खालच्या फटीतून क्रेट एकदा ढकलला की हिशेब संपला.

वजनाचं खोटं सांगणार नाही: भरलेला क्रेट सोळा-सतरा किलो भरतो आणि आम्ही लिफ्टशिवाय तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात तान्हं बाळ असेल किंवा पाठ दुखत असेल, तर सिक्सपॅक घ्या, त्यात काही गैर नाही. नळाचं पाणी चालत असेल तर प्रश्नच मिटला. क्रेट घेणारच असाल, तर जवळच्याच झऱ्याचं पाणी निवडा, काच लांबून ट्रकने आणण्यात फायदा उरत नाही. आणि घ्याल त्याच दुकानात परत द्या. जी बाटली ते विकत नाहीत, ती बहुधा घेतही नाहीत.

सिक्सपॅक आम्ही आता फक्त लांबच्या प्रवासाला घेतो.