पाऊच-पॅकिंग मशीन: आधी व्हिएतनाम की इंडोनेशिया?

भोसरी-चाकणकडचे बरेच छोटे उद्योजक हल्ली विचारतात, निर्यात सुरू करायची तर आधी कुठे जावं? दोन्हीकडे मी मशिनं विकली आहेत, म्हणून माझ्यापुरतं सांगतो.

वाढीचे आकडे पाहाल तर व्हिएतनाम पुढे. 2024 मध्ये तिथला दर 7 टक्क्यांवर गेला. इंडोनेशिया वर्षानुवर्षं 5 च्या आसपास. व्हिएतनामी गिऱ्हाईक झटपट निर्णय घेतं, माझा माल तिथल्या बंदरात कधी अडकला नाही. इंडोनेशियात आयात परवान्यांची कटकट आहेच. 2024 मध्ये नियम बदलले तेव्हा हजारो कंटेनर बंदरांत पडून राहिले.

तरी मला जाच झाला तो व्हिएतनामचा. माझं तिथलं गिऱ्हाईक काजू पॅक करायचं, अमेरिकेसाठी. तिकडची ऑर्डर लांबली की माझी लांबायची. भाव ठरलेला, ड्रॉइंग पास झालेलं आणि ॲडव्हान्स येणार म्हणेपर्यंत निरोप, ‘जरा थांबा’. एप्रिल 2025 मध्ये अमेरिकेने 46 टक्के आयातशुल्क जाहीर केलं. पुढे ते 20 वर आलं, पण तोवर माझं तयार मशीन शेडमध्येच उभं होतं. गिऱ्हाइकाचा त्यात काय दोष? त्या देशाची निर्यातच जीडीपीच्या 80 टक्क्यांहून जास्त आहे.

इंडोनेशियात जीडीपीचा निम्म्याहून अधिक भाग घरोघरच्या खर्चाचा. सुराबायाच्या गल्लीत कुठल्याही वारुंगपुढे, म्हणजे छोट्या किराणा दुकानापुढे, उभे राहा: कॉफी, शाम्पू, मसाला, सगळ्याच्या पुड्यांच्या माळा लटकत असतात. त्या पुड्या भरणारे कारखानदार माझे गिऱ्हाईक. 2019 ते 2024 मध्ये तिथला मध्यमवर्ग सुमारे 5.7 कोटींवरून 4.8 कोटींवर आला, ही चिंतेची बाब खरीच. पण हात आखडला की लोक मोठं पाकीट सोडून पुडी घेतात, निदान माझ्या ऑर्डरी तरी तुटल्या नाहीत.

इलेक्ट्रॉनिक्स कारखान्यांना लागणारं काही बनवत असाल, तर व्हिएतनामच बघा. खाण्यापिण्याच्या पॅकिंगला मात्र मी इंडोनेशिया म्हणेन. तिथे ईदच्या किमान सात दिवस आधी नोकरदारांना बोनस द्यावाच लागतो, वर्षभर टिकलेल्यांना पूर्ण महिन्याचा पगार. त्या खरेदीचा माल भरायला मशीन रमजानच्या बरंच आधी चालू हवं. ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. तिच्या तारखेवरून उलटं मोजून कोटेशन पाठवा.