50 लिटरचं बायोडिझेल मशीन, आठ महिने वापरून झाल्यावरचं खरं खरं

आमचा फरसाणाचा छोटा कारखाना आहे, कोल्हापूरच्या उद्यमनगरापासून चालत पाच मिनिटांवर. भट्ट्या दोन, कढया तीन, आणि आठवड्याला साठ-सत्तर लिटर जळकं पामतेल निघतंच. 2018 च्या जुलैपासून नियम झालाय की तेलातले टोटल पोलर कंपाऊंड (तळून तळून तेलात तयार होणारे खराब घटक) 25 टक्क्यांच्या वर गेले की त्या तेलात तळायचं नाही, त्यामुळं पूर्वी "अजून दोन घाणे निघतील की" म्हणत जे ओढत न्यायचो ते बंद झालं. तेल न्यायला माणूस येतो पण भाव त्याच्या मूडवर. इकडं लाईट गेली की जनरेटर, शेतात विहिरीवर जुनं इंजिन, दोन्ही डिझेल पितात. मग युट्यूबवर रात्री एक-एक वाजेपर्यंत बघून शेवटी मागच्या जूनमध्ये जळक्या तेलाचं डिझेल करायचं हे मशीन ऑनलाईन मागवलं. 85,000 अधिक ट्रान्सपोर्ट. कंपनीचं नाव घालत नाही, वाद नको.

आलं काय, तर कोनासारख्या बुडाची स्टीलची टाकी, 2 किलोवॅटचा हीटर, पंप, वर मिथेनॉलची छोटी टाकी, थर्मोस्टॅट आणि आतलं दिसावं म्हणून बाजूला पारदर्शक नळी. उद्यमनगरातल्या आमच्या मेस्त्रींना बघायला आणलं. त्यांनी वेल्डिंगवरनं बोट फिरवलं, म्हणाले "टाकी बरी हाय, बाकीचं चालवल्यावर बोलूया." आणि झालं पण तसंच, टाकीला आजपर्यंत काही नाही, बाकीचंच सगळं नडलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात, तेल गाळून तापवून त्यातलं पाणी घालवायचं, मग 55 डिग्रीवर आणायचं, मिथेनॉलमध्ये कॉस्टिक सोडा विरघळवून ते मिश्रण सोडायचं (50 लिटर तेलाला 10 लिटर मिथेनॉल), तासभर पंपानं फिरवायचं आणि रात्रभर सोडून द्यायचं. सकाळी खाली काळं घट्ट ग्लिसरीन बसलेलं असतं आणि वर पिवळं बायोडिझेल. पहिल्यांदा ती नळीतली रेघ बघितली ना, खाली काकवी आणि वर चहा, कामगारांना हाका मारून दाखवलं मी. नाद खुळा!

पण कॉस्टिक किती घालायचं यातच सगळी गोम आहे. ताज्या तेलाला लिटरला साडेतीन ग्रॅम, आणि तळून तळून तेल जितकं आंबट झालं असेल तितकं वाढीव. ते मोजायला टायट्रेशन करावं लागतं. आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये 1 मिली तेल, फिनॉल्फथॅलीनचे (रंग बदलून दाखवणारं रसायन) दोन थेंब, आणि गुलाबी रंग टिकेपर्यंत लिटर पाण्यात 1 ग्रॅम कॉस्टिकचं द्रावण थेंब थेंब. जितके मिली लागले तितके ग्रॅम जास्तीचे. माझ्या तेलाला साधारण 3 लागतात, म्हणजे लिटरला साडेसहा ग्रॅम. मशीनसोबत आलेल्या कागदावर हे काहीच नाही, त्यात सरळ छापलंय "प्रति लिटर 5 ग्रॅम, कोणतेही तेल चालेल". ह्या "कोणतेही तेल चालेल" वर माझा खरा राग आहे.

कारण आमचे दाजी रत्नागिरीला असतात, त्यांनी हौसेनं फिशमीलच्या (माशाच्या भुकटीच्या) कारखान्यातनं तारलीच्या तेलाचा 35 लिटरचा कॅन आणला, आंबा घाटातनं येईपर्यंत गाडीच्या चारी काचा खाली. कंपनीला फोन केला, पलीकडचा पोरगा म्हणाला "हो सर, व्हेज नॉनव्हेज सगळं चालतं." घातलं मी. दोन तासांनी पंपाचा आवाज बदलला, नळीत बघतो तर आत शिरा. अख्खा कॅन साबण झालेला, चमचा उभा राहील असा. तो टाकीतनं खरवडून काढायला दोन दिवस गेले आणि शेजारच्यांनी वहिनींना दोनदा विचारलं काय मेलंय का म्हणून. नंतर टायट्रेशन केलं तेव्हा आकडा आला 11. इतकं आंबट तेल असेल तर आधी सल्फ्युरिक ॲसिडची एक पायरी घ्यावी लागते मग कॉस्टिक, आणि ते ॲसिड ह्या टाकीत, ह्या पंपातनं फिरवायचं माझं तरी धाडस नाही.

शिवाय माशाच्या तेलाची अजून एक गंमत आहे. कोकणात ते होड्यांच्या लाकडाला लावायचे, का, तर हवेनं ते वाळतं आणि थर धरतं. होडीला ते चांगलंच, पण तेच इंजिनाच्या पंपात आणि नोझलवर झालं तर काय? त्याचं डिझेल केलं तरी हा गुण जात नाही, म्हणून ते साठवायचं नाही, केलं की लगेच संपवायचं. दुसरा कॅन आला तेव्हा आधी जुन्या बॅचचं ग्लिसरीन घालून घुसळलं, त्यातलं उरलेलं कॉस्टिक आंबटपणा बराच खातं, मग पामतेलात दहाला एक असं मिसळलं. ते जमलं. फक्त जनरेटरच्या धुराला बाजारातल्या मासळीच्या कट्ट्याचा वास येतो, आणि आम्ही शेव विकतो, त्यामुळं ती बॅच विहिरीवर पाठवली.

पामतेलाचं दुखणं उलटं. ते थंडीत गोठतं. जानेवारीत पहाटे 14-15 डिग्रीला शेतातला कॅन बघितला तर आत तूप, फिल्टर चोंदला, इंजिन बंद. थंडीचे दोन महिने निम्मं साधं डिझेल घालून चालवलं. पावसाळ्यातलं वेगळंच, कोल्हापूरच्या जुलैत कॉस्टिकचं पाकीट उघडं राहिलं की दहा मिनिटांत चिकट होतं, आणि त्यातनं तेलात पाणी गेलं की परत साबण. आता बरणीत ठेवतो, लोणच्यासारखं, कोरड्या चमच्यानं काढायचं.

मशीनच्या तक्रारी आता पटापट. थर्मोस्टॅट 55 दाखवतो तेव्हा आत काचेच्या थर्मामीटरवर 62 असतं, आणि मिथेनॉल 64.7 ला उकळतं, म्हणजे किती जवळनं गेलो बघा. पारदर्शक नळी तिसऱ्या महिन्यात कडक होऊन तडकली. रबरी गॅस्केट फुगून जिलेबी झालं, मेस्त्रींनी टेफ्लॉनचं कापून बसवलं, अडीचशे रुपयांत काम. उरलेला साबण जावा म्हणून पाण्यानं धुतलेलं बायोडिझेल सुकवायची सोय मशीनमध्ये नाहीच, मी उघड्या पिंपात फिश टँकचा बुडबुड्यांचा पंप सोडतो, आरपार पेपर वाचता आला की झालं. आणि मिथेनॉल विषारी आहे, पोटात गेलं तर डोळे जातात, त्याची वाफ पेट घेते, पण मशीनवर साधा स्टिकर नाही. मी पहिले पंधरा दिवस ते भट्टीपासून बारा फुटांवर चालवत होतो, आठवलं की अजून घाम फुटतो. आता मागं पत्र्याच्या शेडमध्ये, हातमोजे, गॉगल.

हिशोब विचारताय? 50 लिटर तेल मी 45 नं धरतो, एजंटला विकलं असतं तर आले असते तेवढे, मिथेनॉलचे 700, कॉस्टिक आणि लाईटचे मिळून ऐंशी, हातात 45 लिटर. म्हणजे लिटरला 67-68, माझी मजुरी सोडून. पेट्रोल पंपावर तेव्हा डिझेल नव्वदीच्या आसपास होतं. पण हे डिझेलपेक्षा आठ-दहा टक्के जास्त लागतं, तेही धरा. श्रीमंत होणार नाही कुणी. रुडॉल्फ डिझेलचं इंजिन 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात शेंगतेलावर चालवून दाखवलं होतं म्हणे, आज इथं शेंगतेल इंजिनात ओतलं तर घरचे जेवायला वाढणार नाहीत. जळकं तेल स्वतःचं असेल तरच ह्या भानगडीत पडा, विकत घेऊन नको.

जनरेटर मात्र मस्त चालतो, आवाज मऊ, धूर कमी. सुरुवातीला दोन फिल्टर गेले कारण बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, ते माहीत असू दे.

टाकीला पाच स्टार, कागदाला शून्य, फोनवरच्या पोराला काय द्यायचं ते तुम्हीच ठरवा. एकूण तीन. नवीन गॅस्केटचा सेट पाठवतो म्हणालेत, तो आला तर साडेतीन करीन. दोन महिने झाले, रोज "डिस्पॅच झालाय सर" चालू आहे.