कोथरूडच्या ताईंकडची कुत्र्यांची ट्रीट: चव चिंगीला विचारा, बाकीचं मी सांगते

आधीच सांगते, ही जाहिरात नाही, ताई माझ्या कोणी लागत नाहीत आणि दर वेळी पूर्ण पैसे मोजूनच घेते. दीड वर्ष झालं. ताई घरी बनवतात ती ट्रीट कशी आहे असं सोसायटीतल्या चार जणींनी वेगवेगळं विचारलं आणि चारही वेळा तेच तेच बोलून घसा बसला म्हणून एकदाच लिहून टाकतेय. नाव देत नाहीये कारण ताईच म्हणाल्या, "अहो नाव नका टाकू, आहेत त्याच ऑर्डरी झेपत नाहीत." कोथरूडमध्ये सकाळी टेकडीवर कुत्रं घेऊन जाणाऱ्या कोणालाही विचारा, पत्ता मिळेल.

तर आमची चिंगी. सात वर्षांची गावठी, पौड रोडवर सापडलेली, आता माझ्यापेक्षा जास्त नखरे आहेत तिचे. तिला गव्हाची बिस्किटं चालत नाहीत, खाल्ली की दोन दिवस कान खाजवत बसते, हे कळायला आमचे सहा महिने आणि डॉक्टरांचे बरेच पैसे गेले (आमचेच पैसे म्हणा). मग मी त्या सगळ्या 'नॅचरल', 'इको फ्रेंडली', 'प्रेमाने बनवलेलं' वगैरे लिहिलेल्या पाकिटांच्या मागे लागले. एका ऑनलाइन दुकानातून मागवलेलं पाकीट छान खाकी कागदाचं, वर हिरवं पान छापलेलं, मी एकदम खूश. रिकामं झाल्यावर म्हटलं कागदच आहे तर फाडून कंपोस्टमध्ये टाकूया, फाटेचना, म्हणून बादलीत रात्रभर भिजत घातलं. सकाळी खाकी कागद साल सोलल्यासारखा अलगद निघाला आणि हातात राहिली चकचकीत प्लॅस्टिकची पिशवी, आख्खी, शिवणीसकट. म्हणजे आपल्या चिवड्याच्या पाकिटाने खादीचा झब्बा घातला इतकंच. आणि हे असं चिकटवलेलं पाकीट ना धड कागदाच्या रद्दीत जातं ना प्लॅस्टिकच्या. आमच्याकडे 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या संस्थेच्या ज्या काकू कचरा न्यायला येतात त्यांना दाखवलं तर त्या हसल्या, म्हणाल्या हे कोणी घेत नाही ताई, साधी दुधाची पिशवी असती तर चार पैसे मिळाले असते.

दुसऱ्या एकांनी 'कंपोस्टेबल' पिशवी दिली होती. ती गच्चीवरच्या ड्रममध्ये टाकली, आठ महिन्यांनी खत काढलं तेव्हा बाकी सगळ्याची माती झालेली आणि पिशवी आपली जशीच्या तशी, फक्त मळकी. नंतर कळलं की यातल्या बऱ्याचशा पिशव्या मोठ्या प्रकल्पात, पन्नास-साठ डिग्रीला आठवडेच्या आठवडे ठेवल्या तर कुजतात, आपल्या ड्रममध्ये ते तापमान कुठून येणार. पिशवी खोटं बोलत नव्हती, पण मला कोणी अर्धंच सांगितलं होतं.

एवढी पार्श्वभूमी सांगायचं कारण म्हणजे ताईंकडे पहिल्यांदा गेले तेव्हा त्यांनीही मला तसंच खाकी पाऊच दिलं! मी जरा चढ्या आवाजातच म्हटलं की अहो हे तर आतून प्लॅस्टिक आहे. त्या शांतपणे म्हणाल्या, "माहितेय. सुरुवातीला मलाही माहीत नव्हतं, हजाराच्या खाली कोणी छापून देत नाही म्हणून हजार घेतले. आता उरलेले संपवतेय. फेकून दिले तर जास्त पाप." आणि कपाटातला उरलेला गठ्ठा काढून दाखवला. मला वाटतं तिथेच मी त्यांची गिऱ्हाईक झाले.

आता ते पाऊच संपलेत. आता सगळं काचेच्या बरणीत मिळतं. बरण्या पण नवीन नाहीत, लोणच्याच्या, जॅमच्या, कॉफीच्या, लोक आणून देतात, त्या उकळत्या पाण्यातून काढून उन्हात पालथ्या घालतात, आणि झाकण फक्त नवीन. बरणीचे ५० रुपये डिपॉझिट, परत दिली की परत. स्वतःचा स्टीलचा डबा नेला तर तेही नाही, मी आता तोच नेते. लेबल म्हणजे वहीच्या पाठकोऱ्या कागदाचा तुकडा, रबरबँडने अडकवलेला, त्यावर पेनाने तारीख आणि काय आहे ते. दिसायला अगदीच साधं आहे, कोणाला वाढदिवसाला द्यायचं असेल तर जरा कसंतरी वाटेल हे खरं. ताईंचं अक्षर पण डॉक्टरांसारखं आहे, एकदा 'रताळं' मी 'रविवार' वाचलं.

आता माल. चिकनची कलेजी, रताळं, लाल भोपळा, सुका बोंबील, नाचणीची बिस्किटं, आणि चोथ्याची बिस्किटं. कलेजी आधी वाफवतात, काडीसारखा थर्मामीटर खुपसून आत ७४ डिग्री झालं की नाही ते बघतात आणि मगच सुकवायला ठेवतात, कारण नुसतं कमी आचेवर सुकवलं तर पाणी जातं पण जंतू मरतीलच असं नाही. हे मी स्वतः उभं राहून बघितलंय. किलोभर कलेजीतून सुकून पाव किलोच्या आसपास माल निघतो, बाकी सगळं पाणी, त्यामुळे १०० ग्रॅमचे १८० रुपये ऐकून माझ्या सासूबाईंना चक्कर आली असली तरी हिशोब बसतो.

आता जरा खरं खोटं. सगळे असे छोटे ब्रँड लिहितात की आम्ही 'वाया जाणारं' मांस वापरतो. अहो कुठलं वाया? आपल्याकडे कलेजी-पोटा कोण सोडतं, चिकनच्या दुकानात ते वेगळं विकलं जातं आणि आवडीने खातात लोक. मी हे ताईंना विचारलं तर त्यांनी मान्य केलं, म्हणाल्या कलेजी मी विकतच घेते, वाया जाणारी म्हणणार नाही, पण पाय आणि माना उरतात त्या मात्र खरंच उरतात, विशेषतः गटारीला. गटारीच्या दुसऱ्या दिवशी चिकनवाला स्वतः फोन करतो म्हणे की घेऊन जा, फ्रीजरमध्ये जागा नाही. मग श्रावण लागला की अर्ध्या गल्लीचं चिकन बंद, भाव उतरतो, कलेजी स्वस्त मिळते, आणि नेमकी तेव्हाच हवा इतकी दमट की काहीच नीट सुकत नाही. हे ऐकून मला हसू आलं पण त्यांना येत नव्हतं.

चोथ्याची गोष्ट पण तशीच. पुण्यात बिअर जागीच बनवणारी बरीच हॉटेलं झालीत ना, तिथे जव गरम पाण्यात भिजवून गोड पाणी काढून घेतात आणि जो चोथा उरतो तो ताई बादलीने आणतात. इथे एक महत्त्वाचं, घरी करायचं कोणाच्या डोक्यात असेल तर नीट वाचा: बिअरला जी कडू चव येते ती हॉप्स नावाच्या वेलीच्या फुलांची, आणि हॉप्स कुत्र्यांना विषारी असतात. चोथा हॉप्स टाकायच्या आधीचा असतो म्हणून चालतो, पण तो आधीचाच आहे ना हे विचारल्याशिवाय आणायचा नाही. शिवाय तो पुण्याच्या उन्हाळ्यात एका दिवसात आंबतो, म्हणून आणला की त्याच दिवशी सुकवावा लागतो. आणि हो, तो चोथा ताई नेत नव्हत्या तेव्हाही वाया जात नव्हता, गोठेवाले नेतातच. त्या हे स्वतः सांगतात, मला हेच आवडतं. चिंगीला ही बिस्किटं मी देत नाही, काही बिअर गव्हाच्याही असतात आणि आम्हाला पुन्हा कान खाजवणं नको. पण आमच्या खालच्या मजल्यावरचा लॅब्रेडॉर त्यासाठी लिफ्टमध्ये आडवा पडतो.

सुकवायचं मशीन विजेवर चालतं, दहा-बारा तास, आणि मला वाटायचं की ही वीज धरली तर कसलं आलंय पर्यावरण. तर त्यांच्या बंगल्याच्या गच्चीवर तीन किलोवॅटचं सोलर आहे, २०२४ मध्ये ती पीएम सूर्यघर योजना आली त्यात ७८ हजार सबसिडी मिळाली तेव्हा बसवलं. ट्रे सकाळी नऊला आत, अंधार पडायच्या सुमाराला बाहेर, म्हणजे बरंचसं काम पॅनेलच्याच विजेवर. भोपळा आणि रताळं तर मार्च ते मे सरळ गच्चीवर, वर मलमल बांधून, आपण कुरडया घालतो तसंच. बोंबील त्या सुकवत नाहीत, एका कोळीणीकडून वर्षाचे एकदम घेतात, पावसाळ्याच्या आधी, कारण जून-जुलैत मासेमारी बंद असते. मिठातले नाही घेत, नुसते वाळवलेले, घेताना एक तुकडा चाखून बघतात. मी विचारलं, खरंच चाखता? म्हणाल्या, मग काय कुत्र्याला विचारू?

पावसाळ्यात मात्र सगळा कारभार कोलमडतो. ढग आले की पॅनेल कमी चालतं, माल सुकायला दुप्पट वेळ, त्यामुळे जूनच्या शेवटापासून सप्टेंबरपर्यंत आठ-दहा दिवस थांबावं लागतं. आणि इथेच माझी एकमेव मोठी तक्रार. मागच्या वर्षी जुलैत रताळ्याची बरणी आणली, पाचव्या दिवशी तळ बघितला तर खालच्या तीन-चार फोडींवर पांढरी बारीक लव, कापसासारखी. चिंगीला आदल्या दिवशी वरच्या दोन दिल्या होत्या, माझे तर हातपाय गार पडले. तिला काही झालं नाही. ताईंना फोटो पाठवला, त्यांनी वाद घातला नाही, बरणी परत मागवली, पैसे दिले, आणि त्या दिवशीचा माल घेतलेल्या सगळ्यांना स्वतः फोन केले. तरी माझं म्हणणं, ही वेळच यायला नको होती, प्रिझर्व्हेटिव्ह घालत नाही हे अभिमानाने सांगता तर पावसाळ्यात दुप्पट काळजी घ्या. आता त्या भरायच्या आधी प्रत्येक ट्रेमधली जाडातली जाड फोड मोडून बघतात, कट् असा आवाज आला तर भरायची, वाकली तर परत आत. आणि कागदावर मोठ्या अक्षरात 'पावसाळ्यात फ्रीजमध्ये, तीन आठवडे' लिहिलेलं असतं. तुम्ही पण घरी मोडून बघत जा, कुठलीही ट्रीट असो.

आता गैरसोयी. फक्त रविवारी सकाळी नऊ ते अकरा, यूपीआय चालतं, आधी मेसेज टाकून ऑर्डर द्यायची, ऐनवेळी गेलात तर हात हलवत परत. जेवढी ऑर्डर तेवढंच बनवतात. त्यांचा मुलगा सायकलवर घरपोच देतो पण कोथरूडच्या बाहेर नाही. मी राहते सिंहगड रोडला, १०० ग्रॅम कलेजीसाठी स्कूटर काढून एवढ्या लांब जायचं म्हणजे त्या बरणीचं सगळं पुण्य पेट्रोलमध्ये गेलं, म्हणून आता आम्ही पाच घरं मिळून महिन्यातून एकदा मागवतो आणि पाळीपाळीने कोणीतरी एकजण जातो. पिशवीत पाच डबे खडखडत असतात, अगदी पूर्वी दूध आणायला जायचे तसं.

मांस आठवड्यातून दोनच दिवस करतात कारण शेजारी माळकरी आजोबा आहेत, त्यांना वास सहन होत नाही. एकादशीला तर मशीनच बंद. त्यामुळे कलेजी कायम कमी पडते. एक सांगते, कलेजी जास्त द्यायचीच नसते, तिच्यात अ जीवनसत्त्व भरपूर असतं आणि अतिरेक झाला तर त्रासच होतो. डॉक्टरांचा साधा नियम म्हणजे दिवसभरातल्या कॅलरीच्या दहा टक्क्यांच्या वर ट्रीट नको. ताई प्रत्येक नव्या गिऱ्हाईकाला कात्री घेऊन दाखवतात, नखाएवढा तुकडा करायचा. म्हणजे स्वतःचाच खप कमी करायचा सल्ला! पण खरंय, चिंगीला तुकडा केवढा आहे याच्याशी काही देणंघेणं नाही, किती वेळा मिळाला ते मात्र ती मोजते. आमची १०० ग्रॅमची बरणी पूर्वी दहा दिवसांत संपायची, आता महिना जातो.

चिकनचे पाय मी घेत नाही, वाळलेल्या हाडाची मला भीती वाटते, ताई पण म्हणतात देताना समोर बसा. नाचणीची बिस्किटं चिंगीने एकदा हुंगून सोफ्याखाली पुरून ठेवली, दिवाळीच्या साफसफाईत सापडली. गणपतीत त्या भोपळा-नाचणीचे छोटे मोदक करतात, गूळ नाही, मनुका तर अजिबात नाही कारण मनुका कुत्र्यांच्या किडनीला घातक, ते मात्र ताटलीत ठेवायच्या आत संपले. बोंबील हा घरातला सर्वोच्च पुरस्कार आहे, नखं कापून घेतल्यावरच मिळतो, आणि डबा उघडला की आमचे हे पण स्वयंपाकघरात डोकावतात.

पाचपैकी चार. एक त्या बुरशीचा कापला, अर्धा अक्षराचा कापणार होते पण जाऊ दे.

नागपूरच्या बहिणीने माझं ऐकून तिकडे मागवायचा प्रयत्न केला तर ताईंनी कुरिअरला साफ नाही म्हटलं, मी जरा चिडलेच, म्हटलं चार पैसे मिळतायत तर पाठवा की. त्यांनी तिलाच फोन केला आणि रताळं किती जाड कापायचं, कसं वाफवायचं आणि गच्चीवर कुठल्या वेळी पालटायचं ते वीस मिनिटं समजावलं. नागपूरचं ऊन ते, दोन दिवसांत फोडी कट् मोडायला लागल्या. आता तिच्या बिल्डिंगमधले तिघंजण तिच्याकडे डबा घेऊन येतात आणि ती मला विचारते, किती घ्यायचे गं १०० ग्रॅमचे?